'झोंबी' : घरातल्या घामाचा हिशेब

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर ऊसदर आहे, वीजबिलं आहेत, पीककर्ज आहे आणि या सगळ्यांच्या मध्येच 'झोंबी' या कादंबरीचं नाव आहे. शेतकऱ्यांच्या बैठकीत कादंबरीचं काय काम, असं कुणाला वाटलं तर ते रास्तच आहे. घरची पाण्याची पाळी दुसऱ्यावर सोपवून तुम्ही इथवर आलात, ते गोष्ट ऐकायला नव्हे. म्हणून कारण आधीच सांगून टाकू.

आपण वर्षानुवर्षं शेतीमालाचा उत्पादनखर्च मांडत आलो आहोत. बियाणं, खत, औषध, मशागत, मजुरी, वाहतूक, कर्जावरचं व्याज. गावोगाव कागद भरले, बेरजा केल्या, सरकारच्या तोंडावर टाकल्या. पण त्या कागदावरची एक ओळ नेहमी अर्धवट राहिली. ती म्हणजे घरच्या माणसांची मेहनत, आणि त्यातही घरच्या पोराची मेहनत. ती ओळ कागलच्या एका शेतकऱ्याच्या पोरानं भरली. त्यासाठी त्याला चारशेच्या वर पानं लागली. त्या पुस्तकाचं नाव 'झोंबी'.

पुस्तक कशाचं आहे

लेखक आनंद यादव. जन्म १९३५ सालचा, गाव कोल्हापूरजवळचं कागल. पुढे ते मराठीचे प्राध्यापक झाले, ग्रामीण साहित्याच्या चळवळीत पुढे राहिले, २०१६ साली वारले. 'झोंबी' १९८७ साली निघाली आणि १९९० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कादंबरी आत्मचरित्राच्या अंगानं जाते. आनंदा नावाचा पोरगा, त्याची आई, त्याचा बाप म्हणजे दादा, पाठीवरची भावंडं, गुरंढोरं, मळा आणि शाळा. लहानपणापासून मॅट्रिकपर्यंतचा त्याचा प्रवास एवढाच तिचा विषय. युद्ध नाही, राजवाडा नाही, खून नाही. एका पोराला शाळेत जायचं आहे आणि घर म्हणतं, शेतावर चल. या दोहोंची जी कुस्ती जुंपते तीच झोंबी.

शहरातला वाचक असलं पुस्तक वाचतो तेव्हा त्याला गावचं संथ जीवन दिसतं. सकाळी गुरं सुटली, संध्याकाळी परत आली, पाटाला पाणी चाललंय, कुठं घाई नाही, कुठं गडबड नाही. त्याला वाटतं, किती निवांत आहे हे! भावांनो, हा निवांतपणा बांधावर उभं राहून बघणाऱ्याचा असतो. पाण्यात उभ्या राहिलेल्याला विचारा.

त्या काळी विहिरीवर मोट होती. जरा साधा हिशेब करू. एका एकरात एक इंच पाणी द्यायचं तर एक लाख लिटरहून थोडं जास्त पाणी लागतं. मोट दीडशे ते दोनशे लिटरची धरली तर तेवढ्यासाठी पाचशे ते सातशे मोटा ओढाव्या लागतात. उसाच्या एका पाळीला तीन इंच पाणी धरा. म्हणजे एकराला दीड ते दोन हजार मोटा झाल्या. प्रत्येक मोटेला बैल धावेवरून खाली उतरायचे आणि मागं मागं चालत वर यायचे. थारोळ्यात पाणी पडायचं, पाटानं सरीला जायचं आणि तिथं दारं धरायला एक माणूस लागायचा. मोटेमागं एक, दाऱ्यावर एक. सरी भरली की दारं मोडायचं, पुढच्या सरीला लावायचं. आणि हे एकदा नव्हे, पीक रानात उभं आहे तोवर पाळी आली की पुन्हा तेच. आपल्याकडचा ऊस बारा ते अठरा महिन्यांचा. बैलाच्या पावलापेक्षा पाणी जास्त वेगानं चालत नाही, म्हणून त्या घरातलं कुणीच त्या पावलापेक्षा वेगानं पुढं जाऊ शकत नव्हतं. गावाचं जगणं संथ होतं ते या अर्थानं.

आणि दाऱ्यावरच्या माणसाला मजुरी द्यायला पैसा नसला तर तिथं कोण उभं राहतं? घरातलं पोर. आनंदाची कथा इथून सुरू होते.

दादाचं गुऱ्हाळ

आता कादंबरीतला एक प्रसंग बघू. मास्तर लोक तो दोन ओळीत उरकतात, पण आपल्यासाठी तोच सगळ्यात मोलाचा आहे.

दिवाळीनंतर उसाची गुऱ्हाळं पेटतात. दादाचा हट्ट असतो की आपलं गुऱ्हाळ गावात सगळ्यांच्या आधी लागलं पाहिजे. बाकीचे शेतकरी म्हणतात, ऊस रानात आणखी थोडा उभा राहू दे. रसातलं पाणी कमी होईल, रस दाट होईल, गूळ जास्त पडेल. दादाचं म्हणणं वेगळं. गूळ चार ढेपा कमी पडला तरी चालेल, पण भाव चांगला मिळाला पाहिजे. सगळ्यांची गुऱ्हाळं एकदम चालू झाली की बाजारात गुळाचे ढीग लागतात आणि भाव कोसळतो. त्याच्या आधी आपला माल पेठेत गेला पाहिजे.

आता सांगा, यात कोण बरोबर?

आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो ते असं. थंडी पडली की उसाची वाढ मंदावते आणि कांड्यांत साखर भरू लागते. कोवळा ऊस गाळला तर साखरेचा उतारा कमी, गूळ मऊ पडतो, नीट बसत नाही, साठवणीत टिकत नाही. तेव्हा शास्त्राच्या पुस्तकाप्रमाणं गावातले बाकीचे शेतकरी बरोबर. ते पुस्तक घेऊन एखादा कृषी अधिकारी दादाकडं गेला असता तर त्यानं दादाला अडाणी ठरवलं असतं. पण दादा अडाणी नव्हता. काहिलीत किती गूळ पडला यावर शेतकऱ्याचं घर चालत नाही, हातात आलेल्या पट्टीवर चालतं, हे त्याला ठाऊक होतं. जास्त पिकवलं म्हणजे जास्त मिळतं असं नाही. कधी कधी जास्त पिकवलं म्हणजे आडत, हमाली, तोलाई वजा जाऊन उलटी पट्टी येते. आपण ही गोष्ट सभांमधून सांगत आलो. दादा ती कुठल्याही सभेला न जाता जाणत होता.

गुळाची पेठ काही लांब नव्हती. कोल्हापुरात शाहूपुरी वसवली गेली १८९५ साली, ती गुळाच्या व्यापारासाठीच. पेठ होती, व्यापारी होते, तराजू होता. नव्हती ती एकच गोष्ट. किती भाव मिळाला म्हणजे उसाला केलेला खर्च निघतो, हे विचारणारं कुणी नव्हतं. आजही गुळाला हमीभाव नाही. कारखान्याला जाणाऱ्या उसाला २००९ पासून एफआरपी आली, पण गुऱ्हाळवाल्याच्या गुळाचा भाव अजूनही त्या दिवशीच्या आवकेवर ठरतो. म्हणजे दादाची शर्यत अजून संपलेली नाही.

अकरा वाजेपर्यंत पाणी

गुऱ्हाळ आटोपलेलं आहे, कामाची रग थोडी ओसरली आहे. आई उन्हात शेण्या थापते आहे आणि पोरगा हळूच विषय काढतो की मला पुन्हा शाळेत घाल. आईला पटतं, पण दादासमोर तोंड उघडायची तिची हिंमत होत नाही. मग मायलेक गुपचूप गावातल्या दत्ताजीराव देसाई यांच्या वाड्यावर जातात आणि त्यांना गळ घालतात. आम्ही येऊन गेलो हे दादाला कळू देऊ नका, असंही सांगून येतात. देसाई दादाला बोलावून घेतात, खडसावतात, आणि दादा कबूल होतो.

पण कसा कबूल होतो? अटी घालून. दिवस उगवला की मळ्यात हजर व्हायचं. अकरा वाजेपर्यंत पाणी पाजायचं. मळ्यातूनच दप्तर घेऊन शाळेत जायचं. शाळा सुटली की थेट मळ्यात यायचं, तासभर गुरं चारायची. आणि रानात काम जास्त असेल त्या दिवशी शाळा बुडवायची. पोरगा सगळ्याला हो म्हणतो. त्याला शाळा हवी आहे, कुठल्याही भावात.

आता या अटींचा ताळेबंद मांडू. दिवस उगवल्यापासून अकरापर्यंत म्हणजे सुमारे पाच तास. संध्याकाळचा एक तास. एकूण सहा. मोठ्या माणसाचा दिवस आठ तासांचा धरला तर शाळेत जाणारा हा पोरगा रोज पाऊण माणसाचं काम करतो. वर्षातले तीनशे दिवस धरले तर अठराशे तास झाले, म्हणजे आठ तासांचे सव्वादोनशे रोजगार. हे शाळा चालू असतानाचं. शाळा बंद होती तेव्हा किती असेल ते तुम्हीच मोजा.

दादाला पोराची शाळा का नको होती, याचं उत्तर या आकड्यात आहे. शाळेनं त्याचे सव्वादोनशे रोजगार पळवून नेऊ नयेत म्हणून. गडी ठेवायचा तर पैसा रोख द्यावा लागतो. पोराला द्यावा लागत नाही. व्यापारी जो भाव देत होता त्यात गड्याची मजुरी बसत नव्हती, पोराची फुकट मेहनत तेवढी बसत होती. म्हणजे पेठेत गूळ स्वस्त विकला जात होता, तो कुणाच्या जिवावर? आनंदाच्या बुडालेल्या इयत्तांच्या जिवावर. गुळाचा खडा तोंडात टाकणाऱ्याला त्यातली पोराची इयत्ता काही लागत नाही.

याच कागलच्या घाटगे घराण्यातले शाहू महाराज. त्यांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळी साऱ्या देशात असा राजा विरळा. आणि त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ लोटल्यावर त्याच मुलखातल्या एका पोराला शाळेसाठी घरात कुस्ती खेळावी लागते. महाराजांची इच्छा खरी होती. पण हुकूम शाळेपर्यंत पोहोचतो, मळ्यातल्या दाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. दाऱ्यावर उभ्या राहिलेल्या पोराची जागा घ्यायला कुणीतरी लागतो, आणि त्याची मजुरी मालाच्या भावातूनच यावी लागते.

सरकारी खर्चाचा कागद

दिल्लीत १९६५ साली कृषी मूल्य आयोग बसला. १९८५ साली त्याच्या नावात उत्पादनखर्चही आला. हा आयोग खर्च तऱ्हेतऱ्हेनं मांडतो. शेतकऱ्यानं खिशातून केलेला खर्च तो ए-२. त्यात घरच्या माणसांची मजुरी धरली की ए-२ अधिक एफएल. आणि जमिनीचं भाडं, भांडवलावरचं व्याज असं सगळं धरलं की सी-२. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात दीडपट हमीभावाची घोषणा झाली ती ए-२ अधिक एफएल या खर्चावर. सी-२ वर नव्हे. त्यावर आपण भांडतो आहोत आणि भांडत राहू.

पण कादंबरी वाचल्यावर त्याही पुढचा प्रश्न डोक्यात येतो. घरच्या मेहनतीला बाहेरच्या मजुराचा दर लावला म्हणजे हिशेब पुरा झाला का? पोरानं पाच तास पाणी पाजलं, त्याचे अमुक रुपये. ठीक. पण त्या पाच तासांत त्याचा जो अभ्यास गेला, वर्ष गेलं, त्याचे जोडीदार पुढच्या वर्गात गेले आणि हा मागं राहून लहान पोरांत बाकाच्या कडेला बसला, त्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची? वर्गातली पोरं त्याच्या धोतराला आणि पंचाला हसतात, ते कुठं लिहायचं? असा रकाना आयोगाकडं नाही आणि आपल्याही कागदावर नाही. तो या पुस्तकात आहे.

म्हशीच्या पाठीवरची अक्षरं

याचा अर्थ पुस्तक नुसतं रडगाणं आहे असा कुणी काढू नये. शाळेत आनंदाला सौंदलगेकर मास्तर भेटतात. ते मराठी शिकवतात, कविता चालीवर गातात, स्वतः कविता करतात. मास्तरांच्या दारात मालतीचा वेल आहे आणि त्यांनी त्याच वेलावर कविता केलेली आहे. पोरगा वेलही बघतो आणि कविताही वाचतो. त्याला उमगतं की कवी म्हणजे कुणी आभाळातून पडलेला नसतो, आपल्यासारखाच माणूस असतो, आणि आपल्या डोळ्यांसमोर जे आहे त्यावर लिहिता येतं. मग आपल्या रानावर का नाही?

तिथून त्याचं रान बदलतं. पूर्वी पाणी पाजताना, गुरं राखताना तो एकटेपणानं कंटाळायचा. आता त्याला एकटेपणा हवासा वाटतो, कारण मोठ्यानं गाता येतं, हातवारे करता येतात, कुणी हसत नाही. गुरं चारताना ओळी सुचल्या आणि कागद नसला की म्हशीच्या पाठीवर काडीनं लिहायचं, नाहीतर दगडावर खड्यानं.

या पोराला शेताचा तिटकारा नव्हता. ज्या पाटावर त्याचं लहानपण सरलं त्याच पाटावर तो कविता शिकला. शेती आणि विद्या यांचं मुळात वैर नाही. ज्या शेतीत घरच्या पोराला गड्याच्या जागी उभं करावं लागतं, त्या शेतीचं विद्येशी वैर आहे. हे दोन वेगळे आहेत आणि आपण ते वेगळे ठेवले पाहिजेत.

यादवांची आधीची 'गोतावळा' ही १९७१ सालची कादंबरी ज्यांनी वाचली असेल त्यांना हे पटेल. तिथं मळ्यावर राबणारा नारबा आहे आणि गुरंढोरं हाच त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणतो आणि एकेक जनावर दावणीवरून जातं. नारबाचं दुःख खोटं नाही. पण मोटेमागचा बैल आणि दाऱ्यावरचं पोर यांच्यापैकी पोर सुटावं म्हणून इंजिन आलं असेल, तर त्या इंजिनाला आम्ही शिव्या देणार नाही. जुनं जगणं गेलं म्हणून हळहळणाऱ्यांनी 'गोतावळा' आणि 'झोंबी' एकापाठोपाठ वाचावी.

भाव मिळाला, मग पुढं?

आता एक अवघड गोष्ट. ती आपल्या बैठकीत बोललीच पाहिजे.

आपण म्हणतो, शेतीमालाला रास्त भाव द्या, बाकीचे प्रश्न शेतकरी सोडवील. हे खरंच आहे. भावाशिवाय एकही प्रश्न सुटत नाही. पण कादंबरीतल्या दादाकडं पुन्हा बघा. हा माणूस भावाच्या बाबतीत गावात सगळ्यांत चलाख. सगळ्यांआधी गुऱ्हाळ लावून चांगला भाव पदरात पाडून घेणारा. मग ते पैसे आल्यावर त्यानं पोराला शाळेत घातलं का? नाही. पोरगं आणि बायको रानात राबतात आणि दादा गावात हिंडतो. देसाई त्याला खडसावतात ते याच कारणावरून. घरात त्याचा धाक एवढा की बायको त्याच्यासमोर पोराच्या शाळेचं नाव काढू शकत नाही.

म्हणजे भाव बाजारात ठरतो, पण त्या भावाची वाटणी घरात ठरते. बाजारात शेतकरी लुटला जातो हे शंभर टक्के खरं. पण लुटून उरलेलं जे घरात येतं त्याचा हिशेब कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न बाजाराच्या डोक्यावर मारून भागत नाही. आपण सरकारला विचारतो, आमच्या घामाचा हिशेब दे. तोच प्रश्न घरातली बाई आणि घरातलं पोर आपल्याला विचारू शकतं. त्या वेळी, बाजार वाईट आहे, एवढं उत्तर पुरणार नाही.

१९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं ते याच प्रश्नातून. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करून दिला. कायद्यानं सांगितलं म्हणून दिला नाही, आपलं देणं आहे म्हणून दिला. ते काम मधल्या काळात मागं पडलं. 'झोंबी'तल्या आईच्या नावावर दोन गुंठे जरी असते, तर तिला पोराच्या शाळेसाठी चोरून वाड्यावर जावं लागलं असतं का? तिच्या घरातला निर्णय देसाईंच्या ओसरीवर का व्हावा? देसाई भले माणूस निघाले म्हणून आनंदा शिकला. ज्या गावात असा वाडा नव्हता तिथले आनंदा कुठं गेले? त्यांच्यावर कादंबरी नाही.

आजची झोंबी

कुणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली. आता मोट नाही, मोटार आहे. २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला, २०१० पासून लागू आहे. आता कुठला बाप पोराला शाळेतून काढून दाऱ्यावर उभा करतो?

खरं आहे. आता उलटं झालं आहे. तेव्हाचा बाप पोराला म्हणत होता, शाळा सोड आणि शेतावर ये. आजचा बाप म्हणतो, काहीही शीक, कुठंही जा, पण शेतावर येऊ नकोस. लेकीचं लग्न ठरवताना शेतीवाला मुलगा नको, असं शेतकरीच सांगतो. वरवर बघता दोन टोकं वाटतात. पण कारण एकच आहे. तेव्हा शेती परवडत नव्हती म्हणून पोर धरून ठेवलं, आज परवडत नाही म्हणून पोर ढकलून दिलं. दोन्ही वेळा पोराला कुणी विचारलं नाही की बाबा, तुला काय करायचं आहे? आनंदाला दोन्ही हवं होतं, शाळा आणि रान. असं दोन्ही मिळवून देणारी शेती आपल्याला करता आली, तरच आपण जिंकलो असं म्हणता येईल.

दुसरी गोष्ट बागायतदारांसाठी. आनंदा उसाच्या रानातून गेला असं म्हणू नका. तो तिथंच आहे, फक्त तो आता आपला पोरगा नाही. हंगाम लागला की बीडकडून आणि इतर कोरडवाहू भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. टनाला दर. आईबाप पहाटे फडात जातात तेव्हा कोपीवर तान्ह्याला कोण सांभाळतं? पाणी कोण आणतं? बैल कोण बघतं? आठ-दहा वर्षांचं पोर, आणि पोरापेक्षा जास्त पोरगी. दिवाळीच्या सुमाराला गाव सुटतं ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परत दिसतं. शाळेचं निम्मं वर्ष गेलं. कोयत्याच्या दरात त्या पोरीची मेहनत धरलेली नाही. दादाच्या गुळात जसा आनंदा फुकट होता, तशी आपल्या उसात ती फुकट आहे. कायदा तिथं नसल्यासारखा आहे. घरच्या धंद्यात मुलांनी मदत केली तर चालते असं २०१६ च्या दुरुस्तीनं म्हटलं, पण शाळेची वेळ सोडून आणि सुट्टीत. फडावरच्या पोरीला शाळाच नाही, तर शाळेची वेळ कुठली?

ती कोरडवाहू शेतकऱ्याची लेक आहे. तिच्या बापाच्या कापसाला, तुरीला भाव मिळाला असता तर ती फडावर आली नसती. म्हणून तिचं भांडण आपल्याशी नाही, आपलं आणि तिचं भांडण एकच आहे. पण ते एक आहे हे दाखवून द्यायची जबाबदारी, ज्याच्या रानात ती आली आहे त्याची आहे.

करायचं काय

नुसतं पुस्तकाचं कौतुक करून उठायचं नाही. तीन कामं पुढच्या बैठकीपर्यंत करायची आहेत.

एक. प्रत्येक कार्यकर्त्यानं आठ दिवस आपल्या घराचा कामाचा तक्ता ठेवायचा. शाळेच्या वहीचं पान पुरे. घरातल्या प्रत्येकाचं नाव, शेतात आणि गोठ्यात किती तास, घरकामात किती तास, आणि पोरांच्या बाबतीत अभ्यासाला किती तास. हा तक्ता घरच्या बाईनं भरायचा. बाप्या माणसानं नुसतं बघायचं, खाडाखोड करायची नाही. उत्पादनखर्चाच्या आपल्या कागदाला हा तक्ता जोडला जाईल.

दोन. ज्यांच्या रानात यंदा तोड पडेल त्यांनी आपल्या फडावरच्या कोपीतली शाळेच्या वयाची मुलं मोजायची. नुसती मोजायची नाहीत, जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकाला भेटून हंगामापुरतं त्यांना वर्गात बसवायला सांगायचं आणि कारखान्याला तसं लेखी कळवायचं. सगळ्या मुलांना जमेल असं नाही. एक बसलं तरी तेवढा हिशेब कमी झाला.

तीन. 'झोंबी' गावात मोठ्यानं वाचायची. पारायणाची सवय आपल्याला आहेच. रात्री जेवणं झाल्यावर देवळात किंवा शाळेच्या ओसरीवर रोज एक-दोन प्रकरणं. वाचायला शाळेतली एखादी मुलगी घ्या, मास्तरांना घेऊ नका. भाषा कागलची आहे, कुणाला अर्थ सांगावा लागणार नाही. आणि वाचताना एक पथ्य पाळा. दादाचं प्रकरण आलं की बायकांना पुढं बसवा आणि आपण मागं बसा.

तिन्ही कामांचे कागद तालुकाप्रमुखांकडं द्यायचे आहेत. पुढच्या बैठकीत ऊसदराच्या आधी तेच घेऊ.